२४ पट म्हणजे नेमके किती? एका स्वस्त स्कोपची तपासणी

आमच्या शूटिंग क्लबात यंदा दोन स्कोप आले. दोन्ही एकाच मॉडेलचे आणि स्वस्तातले. डब्यावर ठळक आकडे होते: ६-२४×५०. म्हणजे लक्ष्य ६ पटीपासून २४ पटीपर्यंत मोठे दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिमी. क्लबाला एकूण सहा स्कोप हवेत. उरलेले चार हेच घ्यावेत का, हे ठरवण्यासाठी उस्तादांनी अकरावीच्या आम्हा तिघांना तपासणी करायला सांगितली. सुट्टीत घरी गेल्यावर पालकही विचारतात, “मुलाला कोणता स्कोप घेऊन देऊ?” म्हणून आम्ही काय केले आणि काय सापडले, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. १० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्कोप चालत नाही. अभिनव बिंद्राचे २००८ चे बीजिंगमधले सुवर्ण आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचे २०२४ चे पॅरिसमधले ५० मीटर रायफलचे कांस्य, दोन्ही बारीक छिद्राच्या, लक्ष्य मोठे न करणाऱ्या साइटवर मिळालेले आहेत. मग आम्हाला स्कोप कशासाठी? टेकू देऊन सराव करताना श्वास आणि ट्रिगर यांचा परिणाम डोळ्याला दिसावा यासाठी, आणि फील्ड टार्गेटसारख्या स्कोप चालणाऱ्या प्रकारांसाठी.

पहिली तपासणी: १० मीटरवर स्पष्ट दिसते का?

बरेच साधे स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. १० मीटरवर त्यांतून चित्र धूसर दिसते आणि डोळा जरा बाजूला सरकला की मधली फुली लक्ष्यावर सरकते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. रायफल जागेवर असते, फक्त आपले डोके हललेले असते, तरी नेम बदलल्यासारखा वाटतो. एअरगनसाठी म्हणूनच अंतर जुळवण्याची कडी असलेला आणि निदान १० यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप हवा.

आमच्या स्कोपला अशी कडी आहे. ती १०० वर ठेवली तेव्हा डोके डावी-उजवीकडे नेताच फुली कित्येक मिलिमीटर सरकली. कडी १० च्या जवळ आणल्यावर ती जवळजवळ स्थिर राहिली. कडीवरचे आकडे यार्डांत आहेत आणि आपली रेंज मीटरमध्ये. १० मीटर म्हणजे सुमारे ११ यार्ड. तरीही आकड्यावर विसंबू नका. डोके हलवून पाहा, फुली जिथे थांबते ती खरी जागा. तिथे पांढऱ्या रंगाची खूण करा.

दुसरी तपासणी: क्लिक खरे आहेत का?

स्कोपच्या वरच्या आणि बाजूच्या टरेटचा एक क्लिक पाव मिनिटाचा असतो. इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १० मीटरवर एक मिनिट सुमारे २.९ मिमी, म्हणून एक क्लिक सुमारे ०.७३ मिमी आणि ४० क्लिक सुमारे २९ मिमी.

हे छर्रा न झाडता तपासता येते. उस्तादांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली. मग ती कार्यशाळेतल्या व्हाइसमध्ये कापड घालून घट्ट बसवली. १० मीटरवर आलेखाचा कागद लावला. त्याचे चौकोन १ मिमीचे, त्यामुळे मोजपट्टी आपोआप मिळाली. ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, असे करून फुली निघाल्या जागी परत येते का ते पाहिले. दोन्ही स्कोप परत आले. मात्र ४० क्लिकला फुली २९ ऐवजी २७ मिमीच सरकली. दर वेळी तितकीच सरकते, त्यामुळे एकदा झिरो करून ठेवायला ही चूक चालते. अंतर बदलेल तसे क्लिक मोजून नेम धरायचा असेल, तर चालत नाही.

तिसरी तपासणी: २४ पट वापरता येते का?

पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. ८ पटीला तो ६ मिमीहून जास्त असतो, २४ पटीला फक्त २ मिमी. आमच्या ट्यूबलाइटच्या रेंजवर १८ पटीपुढे चित्र काळपट झाले आणि कडा पुसट झाल्या. शिवाय २४ पटीला हाताचे थरथरणेही २४ पट मोठे दिसते. नवा नेमबाज फुली स्थिर व्हायची वाट पाहत श्वास कोंडून धरतो आणि शेवटी ट्रिगर झटक्याने ओढतो. १० ते १२ पटीवर आमच्या सगळ्यांचे ग्रुपिंग २४ पटीपेक्षा चांगले आले. डब्यावरचा मोठा आकडा आम्ही फारसा वापरलाच नाही.

चौथी तपासणी: धक्का सोसतो का?

ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. स्प्रिंगच्या एअरगनला दोन धक्के असतात. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे जाते आणि पिस्टन पुढच्या टोकाला थांबतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. मागे बसणाऱ्या एकाच धक्क्यासाठी बनवलेल्या स्कोपच्या आतली भिंगे या उलट्या झटक्याने सैल होऊ शकतात.

दुसरा स्कोप तपासणीआधी तीन आठवडे आठवीतल्या एका ज्युनियरच्या रायफलीवर होता. त्याचे ग्रुपिंग दर आठवड्याला पसरत गेले होते. आपला हातच बरोबर नाही असे त्याने ठरवून टाकले होते आणि संघातून नाव काढायची विनंतीही केली होती. आम्ही दोन्ही रायफली वाळूच्या पिशवीवर ठेवून पाच-पाच छर्रे मारले. पहिल्या रायफलीचे ग्रुपिंग १२ मिमी, त्याच्या रायफलीचे ३१ मिमी. माउंटचे स्क्रू तपासले, घट्ट होते. मग फक्त स्कोपांची अदलाबदल केली. आता पसरलेले ग्रुपिंग पहिल्या रायफलीवर आले आणि ज्युनियरची रायफल १३ मिमीवर आली. दोष स्कोपसोबत फिरला, म्हणजे तो रायफलीत नव्हता आणि मुलाच्या हातातही नव्हता. त्याचे नाव संघात कायम आहे.

व्हाइसमध्ये हाच स्कोप पास झाला होता, कारण तिथे धक्का नव्हता. पहिल्या स्कोपने मात्र २०० छर्ऱ्यांनंतरही झिरो सोडला नाही.

आमचा अहवाल असा आहे: मॉडेल सरावापुरते घेण्याजोगे आहे, पण प्रत्येक नग वेगळा तपासून. दोन नगांतला एक बिघडला, म्हणून परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येकावर २०० छर्रे मारलेच पाहिजेत.

पालकांना विनंती, पटींच्या आकड्यावर पैसे घालू नका. तो स्कोप स्प्रिंगच्या एअरगनसाठी बनवला आहे का आणि १० मीटरवर जुळतो का, हे दुकानदाराला विचारा. उरलेल्या पैशांत चांगले माउंट आणि एकसारख्या वजनाचे छर्रे घ्या.

ज्युनियर मित्रांनो, रायफलीवरचा स्कोप ही दुर्बीण नाही. स्कोप जिकडे वळतो, तिकडे नळीही वळते. त्यातून माणसांकडे किंवा सूर्याकडे कधीही पाहू नका. आणि ग्रुपिंग पसरले तर स्वतःला नापास करण्याआधी आधी स्क्रू तपासा, मग स्कोप बदलून पाहा. दोन्ही करूनही ग्रुपिंग पसरलेलेच राहिले, तर उस्तादांकडे जा आणि श्वासापासून पुन्हा सुरुवात करा.