ताट समोर, मगच सुई

इन्सुलिन शिकवायला बसले की मी आधी पेशंटला पिशवी उघडायला लावते. बाटलीवर ४० आहे की १००, सिरिंजचं टोपण लाल की केशरी, हे त्यांनीच मला मोठ्याने वाचून दाखवायचं. लाल टोपण ४०च्या बाटलीसाठी, केशरी १००साठी. पेनच्या कार्ट्रिजमधलं १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर १० युनिटच्या खुणेवर २५ युनिट अंगात जातात. हे जिवावर बेतू शकतं.

लिस्प्रो, अस्पार्ट ही जलद इन्सुलिनं साधारण १५ मिनिटांत कामाला लागतात, तासा-दोन तासांत जोर धरतात. म्हणून बायकांना मी हमखास विचारते, "मावशी, सगळ्यांना वाढून तुम्ही जेवता कधी?" सुई टोचून पोळ्या लाटत बसणं धोक्याचं. एकादशीच्या डोसचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. जेवणानंतर साखर जास्त दिसली म्हणून लगेच पुन्हा टोचायचं नाही. पहिला डोस अजून काम करतच असतो.

हातपाय थरथरले, घाम फुटला, साखर ७०च्या खाली गेली, की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे मात्र मी घरच्यांना शिकवते. त्या वेळी पेशंटच्या हातात काही नसतं.