व्यक्तिमत्त्वगुण व कामगिरीचे भाकीत

व्यक्तिमत्त्वगुणांवरून कामगिरीचे भाकीत हा औद्योगिक मानसशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. उमेदवाराच्या स्थायी स्वभाववैशिष्ट्यांवरून तो नेमून दिलेले काम कितपत चांगले करील, याचा अंदाज बांधता येतो का, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी

१९६५ साली रॉबर्ट गुइऑन व रिचर्ड गॉटियर यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. नोकरभरतीसाठी व्यक्तिमत्त्व चाचण्या वापरण्याची सर्वसाधारण शिफारस करता येत नाही, असे त्यांचे मत पडले. पुढील दोन दशके या विषयाकडे काहीसे दुर्लक्षच झाले. त्या काळी प्रत्येक संशोधक निरनिराळे गुण मोजत असल्याने निष्कर्षांची तुलना करणे अवघड होते. पुढे पंचघटक प्रतिमान रूढ झाले आणि ही अडचण बरीच दूर झाली. कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द, भावनिक स्थैर्य आणि नवानुभवांविषयीचा खुलेपणा हे त्यातील पाच घटक होत.

प्रमुख निष्कर्ष

मरे बॅरिक व मायकल माउंट यांनी १९९१ मध्ये ११७ अभ्यासांचे एकत्रित सांख्यिकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते आणि कुशल व अर्धकुशल कामगार या पाचही गटांत कर्तव्यदक्षतेचा कामगिरीशी सातत्याने संबंध आढळला. बहिर्मुखता मात्र व्यवस्थापक व विक्रेते यांच्याच बाबतीत उपयुक्त ठरली. म्हणजेच काही गुण सर्वत्र उपयोगी पडतात, तर काहींचे मोल कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

मर्यादा

या विश्लेषणात कर्तव्यदक्षता व कामगिरी यांचा सुधारित सहसंबंध सुमारे ०.२२ होता. त्याचा वर्ग केल्यास कामगिरीतील फरकांपैकी जेमतेम पाच टक्के भागाचा उलगडा होतो. असा संबंध मोठ्या समूहाच्या निवडीत उपयोगी पडू शकतो. परंतु एखाद्या व्यक्तीची योग्यता केवळ त्यावरून ठरवता येत नाही. कमी गुणांक मिळालेला उमेदवारही उत्तम काम करू शकतो आणि एकाच चाचणीवर विसंबल्यास त्याची संधी अकारण हिरावली जाते.

दुसरी अडचण उत्तरांच्या विश्वासार्हतेची आहे. ‘मी कामे वेळेवर पूर्ण करतो’ या विधानाला नोकरी हवी असलेला मनुष्य सहसा नकार देत नाही. २००७ मध्ये फ्रेडरिक मॉर्गेसन व सहकाऱ्यांनी याच मुद्द्यांवरून निवडप्रक्रियेतील अशा चाचण्यांच्या वापरावर टीका केली. इतर संशोधकांनी त्याच वर्षी तिचा प्रतिवाद केला. त्यामुळे या चाचण्यांना संरचित मुलाखत, कामाचा प्रत्यक्ष नमुना व ज्ञानचाचणी यांची जोड देणे इष्ट मानले जाते.