सासूबाईंना न सापडणारी डायरी

घरात कागदी डायरी ठेवली की ती कोणीतरी वाचतंच. आमच्याकडे हा मान सासूबाईंचा. म्हणून रात्री ओटा आवरला की मी मोबाइलवर लिहिते. शिक्षकखोलीतलं राजकारण, गुडघेदुखी, लेकाशी झालेली खडाजंगी. टाइप करायचा कंटाळा आला तर बोलून लिहिते, तेही गच्चीवर जाऊन!

असं लिहिण्याने काय होतं, हे तपासलंही गेलंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनात सलणारं लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून झाल्याझाल्या मात्र त्यांना उदासच वाटलं होतं. मला हे जास्त खरं वाटतं.

पण मोबाइलवरच्या डायरीला पासवर्ड घातला म्हणजे गुपित राहिलं, असं नाही. साध्या ऑनलाइन नोंदी उघडायची किल्ली बहुधा कंपनीकडेही असते. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ असेल तर ती फक्त आपल्याकडे. पण मग पासवर्ड विसरलात तर कंपनीही सहसा हात वर करते. तो कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. आणि नोंदींची प्रत अधूनमधून उतरवून घ्या. ॲप बंदही पडतात.