चार नंबरचे बिऱ्हाड

‘संलग्न’ हा शब्द आम्हां प्राध्यापक मंडळींच्या अगदी अंगवळणी पडलेला. इमारत आमची, खडू-फळा आमचा, घसाही आमचाच. अभ्यासक्रम, परीक्षा नि पदवी मात्र विद्यापीठाची! टेलिव्हिजनचे केंद्रही असेच ‘संलग्न’ असू शकते, हे मला कळले ते कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला धाकट्या बहिणीकडे गेले तेव्हा. भाच्याने अँटेना जोडून ४ नंबर लावला. “हे कुणाचं रे?” मी विचारले. “मावशी, ते विचारूच नकोस. सारखं बदलतं!”

आपले मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले ते सरकारी केंद्र म्हणूनच. अमेरिकेत परवाना त्या त्या गावच्या केंद्राला. मोठ्या शहरांतली काही केंद्रे एनबीसी, एबीसी, सीबीएस अशा बड्या नेटवर्कांच्या मालकीची. बाकी पुष्कळांचे मालक निराळे. नेटवर्कने संध्याकाळच्या मालिका पुरवायच्या, केंद्राने त्या आपल्या टापूत दाखवायच्या नि जाहिरातींची वेळ दोघांनी वाटून घ्यायची. गावच्या बातम्या नि हवामान मात्र केंद्राचे स्वतःचे.

सॅनफ्रान्सिस्कोचे हे केंद्र १५ नोव्हेंबर १९४९ रोजी सुरू झाले. मालक ‘क्रॉनिकल’ वर्तमानपत्र, म्हणून नाव केआरओएन. बावन्न वर्षे ते एनबीसीशी संलग्न राहिले. पुढे मालकांनी ते विकायला काढले. एनबीसीलाही ते हवे होते. परंतु यंग ब्रॉडकास्टिंग कंपनीने २००० साली सुमारे ८२ कोटी डॉलर मोजून ते घेतले. बोलीत हरलेला बडा गडी गप्प बसतो होय? पूर्वी नेटवर्क केंद्राला पैसे देई. आता तुम्हीच आम्हांला दरसाल पैसे द्या, शिवाय नाव ‘एनबीसी ४’ असे लावा, असा निरोप आला. नव्या मालकांनी साफ नकार दिला. मला तो मानीपणा आवडला. हिशेबनीस मंडळींचे मत निराळे असेल.

१ जानेवारी २००२ रोजी ‘फ्रेंड्स’सकट सारे बिऱ्हाड सॅन होजेच्या ११ नंबरवर गेले. त्या केंद्राचा मनोरा पार दक्षिणेच्या डोंगरावर. उत्तरेकडे ज्यांच्या घरी केबल नव्हती त्यांच्या पडद्यावर मुंग्याच मुंग्या! इकडे केआरओएनने रिकाम्या पडलेल्या वेळेत गावच्या बातम्या वाढवल्या. पण बातम्यांवर ८२ कोटी फिटतात थोडेच? मनोरा, कॅमेरे, परवाना सारे विक्रीखतात होते. ज्या मालिकांमुळे एवढी किंमत आली, त्या तेवढ्या नव्हत्या. फेब्रुवारी २००९ मध्ये यंग कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्याच वर्षी १२ जूनला अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण थांबले नि सगळा कारभार डिजिटल झाला. गंमत पाहा, आता लहर कोणतीही असो, पडद्यावर ओळखीचा ४ च उमटतो. नि एकाच लहरीत ४.१, ४.२ असे पोटभाडेकरूही मावतात, प्रत्येकाचे नेटवर्क निराळे!

मुख्य जागेत २००६ साली मायनेटवर्कटीव्ही आले नि सप्टेंबर २०२३ मध्ये सीडब्ल्यू. केंद्र २०१७ साली नेक्सस्टार कंपनीकडे गेले. सीडब्ल्यूचा ७५ टक्के हिस्साही २०२२ साली तिनेच घेतला. म्हणजे घरमालक नि भाडेकरू एकाच घरातले. बातम्या मात्र अजून ‘केआरओएन ४’ याच नावाने लागतात.