दोनशे तासांचा वैमानिक आणि माऊनचं दार

बोट्स्वानाच्या उत्तरेला, थामालाकाने नदीच्या काठी माऊन नावाचं गाव आहे. गाढवं, शेळ्या आणि सफारीच्या जीपगाड्या तिथे एकाच रस्त्यानं चालतात. गावातच विमानतळ आहे आणि त्याच्या आसपास, पायी फिरता येईल एवढ्या अंतरात, छोट्या विमान कंपन्यांची कार्यालयं. गेली कित्येक वर्षं विशीतले तरुण-तरुणी बगलेत लॉगबुक मारून या कार्यालयांची दारं ठोठावत आले आहेत. कुणी दक्षिण आफ्रिकेचा, कुणी ब्रिटनची, कुणी न्यूझीलंडचा. सगळ्यांकडे व्यावसायिक वैमानिकाचा कोरा करकरीत परवाना असतो आणि अडचणही सगळ्यांची एकच: गाठीशी उड्डाणाचे जेमतेम दोनशे तास.

परवाना आणि नोकरी यांच्यामधली ही दरी थोडक्यात सांगायला हवी. व्यावसायिक परवाना दोनशे तासांच्या आसपास मिळतो, भारतातही तोच आकडा आहे. प्रवासी विमानाचा कप्तान होण्यासाठी लागणारा वरचा परवाना मात्र दीड हजार तासांनंतर. अमेरिकेत काही सवलती सोडल्या तर २०१३ पासून सहवैमानिकालाही दीड हजार तास लागतात. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली, त्यातून हा नियम आला. त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास दीड हजारांहून बरेच जास्त होते, हे इथे नोंदवलंच पाहिजे. शिवाय परवाना ज्या देशाचा, त्या देशापुरता. युरोपात तो बदलून घ्यायचा तर तेरा विषयांच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात.

आपल्याकडे गोंदियाजवळच्या बिरसीला, बारामतीला, शिरपूरला मुलं-मुली उडायला शिकतात. २०२३ साली एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा या मुलांच्या घरी आनंद झाला असेल. पण मागणी नोंदवलेली विमानं वर्षानुवर्षं थोडी थोडी येतात, आणि दरम्यान एअरबस किंवा बोईंगचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याची पात्रता, स्वतःच्या पैशानं करून बसलेल्यांची रांग वाढत जाते. मग नजर परदेशाकडे वळते.

परदेशात एक वाट अशी आहे की तिचं नाव काढलं तरी जुने वैमानिक चिडतात. उमेदवारानंच कंपनीला पैसे मोजायचे आणि प्रवाशांनी भरलेल्या विमानात सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीवर बसून काही शे तास विकत घ्यायचे. युरोपात आणि आग्नेय आशियात हे राजरोस चालत आलं आहे. ज्यानं तिकीट काढलंय तोही पैसे देतो आणि जो विमान चालवतो तोही. ही प्रथा बंदच व्हायला हवी. आई-बापांनी घर गहाण टाकून शिकवलेल्या मुलाकडून त्याच्या श्रमाचे पैसे घेणं यात समर्थन करण्यासारखं काही नाही.

म्हणून माऊनचं मोल मोठं. तिथे पगार थोडा, पण तो वैमानिकाला मिळतो.

माऊनपासून ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. जगातल्या बहुतेक नद्या समुद्राला मिळतात. ओकावांगो नदी कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच संपते. अंगोलाच्या डोंगरात पाऊस पडतो तिथल्या उन्हाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीला. ते पाणी पपायरसच्या दाटीतून, इतक्या सपाट जमिनीवरून सरकत येतं की माऊनपर्यंत पोचायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे जेव्हा इथे महिनोन् महिने थेंब पडलेला नसतो, ऐन कोरड्या हिवाळ्यात, तेव्हाच पूर येतो. आजूबाजूच्या रानातले प्राणी पाण्याकडे धाव घेतात आणि प्राण्यांमागे पर्यटक. या प्रदेशातली कितीतरी बेटं वाळवीनं उभारली आहेत. पुरात वारुळाचा माथा तेवढा कोरडा राहतो, त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं उगवतात, झाडांच्या मुळांभोवती क्षार साठतात आणि बेट रुंदावत जातं. २०१४ च्या जून महिन्यात युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत हजाराव्या क्रमांकावर ओकावांगोचं नाव घातलं. तो मान एका अर्थी वाळवीचाही आहे.

अशा मुलखात रस्ते कुठून असणार? पर्यटकांच्या छावण्या बेटांवर, आणि तिथे जायचं तर छोटं विमान. सेसना २०६, ऑस्ट्रेलियात बनलेलं एअरव्हॅन, आणि त्यांच्याहून मोठं, टर्बोप्रॉप इंजिनाचं सेसना कॅरव्हॅन. सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकांना एका शब्दात कळेल: ही हवेतली वडाप आहे. एका पट्टीवर दोघं उतरतात, तिघं चढतात, पुढच्या पट्टीवर भाजीच्या पेट्या उतरतात. पल्ले पंधरा-वीस मिनिटांचे, त्यामुळे हंगामात एका दिवसात आठ-दहा वेळा उतरणं आणि तितक्याच वेळा उडणं होतं. सामान भरणं, इंधन मोजणं, घाबरलेल्या आजीला पुढच्या खुर्चीवर बसवून तिचा पट्टा लावणं, काचेवरचे किडे पुसणं, सगळं वैमानिकानंच करायचं. मोठ्या विमानाच्या सहवैमानिकाला महिन्याभरात जेवढी लँडिंग मिळत नाहीत, तेवढी इथे आठवड्यात होतात.

वजनाचा हिशेब हा इथला खरा अभ्यास. प्रवाशाला सहसा २० किलो सामान नेता येतं, तेही मऊ पिशवीत, कारण चाकांची कडक बॅग २०६ च्या मागच्या कप्प्यात शिरत नाही. शंभर किलोंच्या वरच्या प्रवाशाला बहुधा जादा खुर्ची घ्यावी लागते. हा काटेकोरपणा उगाच नाही. माऊन समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे आणि ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो. तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि ज्या पट्टीवरून सकाळी विमान सहज सुटलं, तिथूनच दुपारी तेवढ्या ओझ्यानिशी ते झाडांवरून निघेल याची खात्री नसते. विमानशाळेत हे गणित कागदावर सोडवलेलं असतं. इथे ते रोज दुपारी सोडवायचं, मागे पाच माणसं बसलेली असताना.

आणि पट्टी मोकळी असेलच असंही नाही. आधी कमी उंचीवरून एक घिरटी घालून बघायचं: हत्ती आहेत का, रानडुकरं आहेत का. छावणीचा वाटाड्या जीप पळवून जनावरं हाकलतो, मग उतरायचं. आकाशात गिधाडं. मुक्काम पडला तर चाकांभोवती काटेरी फांद्या रचायच्या, कारण तरसाला टायर चावायला आवडतो. धोका खरा आहे. १४ ऑक्टोबर २०११ ला मोरेमी अभयारण्यातल्या एका पट्टीवरून उडालेलं कॅरव्हॅन कोसळलं आणि आठ जण दगावले. जाणाऱ्यानं हे माहीत असतानाच जावं.

नोकरी मिळते कशी? ईमेल पाठवून जवळजवळ कधीच नाही. गावात जाऊन राहावं लागतं. अनेक देशांच्या नागरिकांना पर्यटक म्हणून वर्षाला नव्वद दिवस राहता येतं आणि ते दिवस स्वस्त तंबूत काढत मुलं रोज कार्यालयांच्या फेऱ्या मारतात. मुख्य वैमानिक पहिल्या दिवशी कागद ठेवून घेतो आणि विसरतो. तिसऱ्या आठवड्यातही तोच चेहरा हसून दारात उभा राहिला की तो नाव लक्षात ठेवतो. त्याचं बघणं रास्त आहे. रानातल्या छावणीत अडकून पडल्यावर हा माणूस कुरकुरेल का, दमलेल्या पाहुण्यांशी नीट बोलेल का, हे लॉगबुकात लिहिलेलं नसतं. जागा निघाली की चाचणीचं उड्डाण, स्थानिक हवाई कायद्याची परीक्षा आणि मग कामाचा परवाना. त्यासाठी त्या कामाला देशातला माणूस मिळत नाही हे कंपनीला दाखवावं लागतं. आता बोट्स्वानाचे स्वतःचे तरुण वैमानिक तयार होत आहेत आणि परक्यांच्या जागा आकसत चालल्या आहेत. आपल्या आकाशात आधी आपली माणसं हवीत, ही त्यांची भूमिका योग्यच आहे.

कॅनडाच्या उत्तरेत वेगळी रीत. तिथे परवाना खिशात असूनही वर्ष-दोन वर्षं गोठवणाऱ्या थंडीत सामान चढवायचं, बर्फ खरवडायचा आणि मग उजवी खुर्ची.

इंडोनेशियाची कथा मात्र सविस्तर सांगावी अशी आहे. जावाच्या पांगांदारानमध्ये मासळीचा धंदा करणाऱ्या सुसी पुजिआस्तुती यांनी जिवंत शेवंडं ताजी असतानाच जकार्ताला पोचावीत म्हणून २००४ मध्ये सेसना कॅरव्हॅन विमानं घेतली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली. सुसींनी विमानं सुमात्रातल्या उद्ध्वस्त मेउलाबोहकडे मदत घेऊन धाडली. मदत संस्थांनी पुढे भाड्यानं विमानं मागितली आणि त्यातून सुसी एअर उभी राहिली. शाळा अर्धवट सोडलेल्या या बाई पुढे २०१४ ते २०१९ देशाच्या मत्स्यव्यवसाय मंत्री होत्या. त्यांच्या कंपनीनं परदेशी नवख्यांना मोठ्या संख्येनं खुर्ची दिली. पापुआच्या डोंगरातल्या पट्ट्या चढणीवर असतात: चढाकडे उतरायचं, उताराकडे उडायचं, दुसरी संधी नाही. तिथला धोका फक्त डोंगराचा नाही. ७ फेब्रुवारी २०२३ ला याच कंपनीचे न्यूझीलंडचे वैमानिक फिलिप मेहर्टेन्स पापुआतल्या पारो इथे उतरले आणि फुटीरवाद्यांनी त्यांना पकडून विमान जाळलं. त्यांची सुटका झाली २१ सप्टेंबर २०२४ ला, तब्बल एकोणीस महिन्यांनी. कुठल्याही देशातली नोकरी स्वीकारण्यापूर्वी त्या भागातल्या बातम्या वाचायलाच हव्यात.

भारतीय मुलांसाठी सध्या सर्वांत लक्ष देण्याजोगी दिशा ऑस्ट्रेलियाची आहे. तिथले नवे वैमानिक पिढ्यान् पिढ्या तास जमवायला उत्तरेकडे जातात: डार्विन, ब्रूम, कुनुनुरा. पर्नुलुलूच्या पट्टेदार खडकांवरून पर्यटकांना फिरवणारी एअरव्हॅन विमानं त्यांच्याच हाती असतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुला झाला आहे. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, वर्षाला १००० जागा, निवड चिठ्ठ्या काढून. एका मालकाकडे साधारणपणे सहाच महिने काम करता येतं, पण उत्तरेचा कोरडा हंगामही मे ते सप्टेंबर एवढाच असतो. आपला परवाना तिथल्या नियमांप्रमाणे बदलून घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे चिठ्ठी निघण्याची वाट न पाहता तिथल्या हवाई कायद्याचा आणि ‘मानवी घटक’ (ह्यूमन फॅक्टर्स) या विषयाचा अभ्यास इथूनच सुरू करावा. कंपन्या माणसं निवडतात ती हंगामाच्या तोंडावर, आणि त्या आठवड्यांत उमेदवार कुनुनुरात असावा लागतो.