फ्रीमन : एक आडनाव, अनेक घराणी

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्या लोकांनी जी झीज सोसली, तिचा तो गौरव होता. मराठी वाचकाला ही अर्पणपत्रिका परिचयाची आहे. ती वाचताना मला नेहमी एक साधा प्रश्न पडत असे. दास्यातून सुटलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी आपले नाव काय सांगितले असेल? गुलामाला बहुधा एकच नाव असे आणि तेही पुष्कळदा मालकाने ठेवलेले. सैन्यात, कचेरीत, चर्चमध्ये कारकुनाने आडनाव विचारले, की तो काय लिहवून घेत असेल?

या प्रश्नाचा माग काढताना मी १८६१–६५च्या यादवी युद्धापाशी थांबलो नाही. आणखी ऐंशी-नव्वद वर्षे मागे, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत (१७७५–१७८३) गेलो. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे शिकलो ते कागद वाचत वाचतच. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातील मायक्रोफिल्मच्या प्रती आता संगणकावर पाहता येतात, त्यामुळे साताऱ्यासारख्या गावात बसूनही हे काम होते. त्या कागदांत एका आडनावाने मला धरून ठेवले. ते म्हणजे ‘फ्रीमन’. शब्दश: अर्थ, मुक्त माणूस.

एका कंपनीचा हजेरीपट

विल्यम कूपर नेल हे बोस्टनचे कृष्णवर्णीय इतिहासलेखक. १८५५ साली त्यांनी अमेरिकन क्रांतीतील कृष्णवर्णीय देशभक्तांवर पुस्तक लिहिले आणि त्यात कनेक्टिकटच्या चौथ्या रेजिमेंटमधील एका कंपनीचा हजेरीपट छापला. कंपनीचा नावापुरता कॅप्टन होता डेव्हिड हंफ्रीज, म्हणजे जनरल वॉशिंग्टनचा सहायक. कंपनीतले साधे शिपाई मात्र कृष्णवर्णीय होते. पन्नासहून अधिक नावांचा हा पट कवितेसारखा सावकाश वाचावा असा आहे.

त्यात फायलो फ्रीमन, टॉम फ्रीमन, जुबा फ्रीमन, पीटर फ्रीमन आणि कफ फ्रीमन असे पाच फ्रीमन आहेत. शिवाय नेड फ्रीडम, डिक फ्रीडम, पॉम्प लिबर्टी आणि कफ लिबर्टी. मुक्तता आणि स्वातंत्र्य हे शब्दच इथे आडनावे झाले आहेत. याच पटावर सीझर चॅपमन आणि केटो रॉबिन्सन आहेत. गुलामांना रोमन वीरांची नावे ठेवण्याची तेव्हाच्या मालकांना हौस होती. सॅम्सन कफही आहे. ‘कफ’ हे पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांच्या ‘कोफी’ या नावाचे रूप, शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचे. म्हणजे एकाच कागदावर मालकाची हौस, आफ्रिकेची आठवण आणि माणसाची स्वत:ची निवड अशा तीन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत.

ही माणसे सैन्यात आली कशी? १७७७ साली कनेक्टिकटने कायदा केला, की दोघा जणांनी मिळून एक धडधाकट माणूस सैन्याला दिला, तर त्या दोघांना भरतीतून सूट मिळेल. त्याच वर्षी धडधाकट गुलामाला मुक्त करणे मालकांना सोपे करून दिले गेले. मालकाच्या किंवा त्याच्या मुलाच्या जागी गुलाम लढायला जाऊ लागला आणि बदल्यात स्वातंत्र्याचे वचन घेऊ लागला.

वचन पाळले जाईच असे नाही. याच पटावरचा जॅक अरबस संपूर्ण युद्ध लढला. परत आल्यावर थॉमस आयव्हर्स या जुन्या मालकाने त्याच्यावर पुन्हा हक्क सांगितला. जॅक पळाला, पकडला गेला आणि न्यू हेवनच्या तुरुंगात पडला. १७८४ साली न्यायालयाने त्याला मोकळे केले. ज्या सैन्यात फक्त स्वतंत्र माणूस भरती होऊ शकतो, तिथे मालकाने त्याला संमतीने पाठवले, तेव्हाच तो मुक्त झाला, असा तो न्याय होता. अभ्यासकाने एक लक्षात घ्यावे. पटावर त्याचे आडनाव एका स्पेलिंगने आहे आणि निकालपत्रात दुसऱ्या. केवळ एका अक्षराचा फरक, पण अक्षरावर अडून बसणाऱ्याला हा माणूस सापडणार नाही.

दुसरे फ्रीमन

हे आडनाव एवढ्याच लोकांचे असते, तर काम सोपे होते. परंतु ‘फ्रीमन’ हे जुने इंग्लिश आडनावही आहे. मध्ययुगीन इंग्लंडात जमिनीला जखडलेल्या कुळाहून वेगळा, स्वतंत्र असलेला माणूस, तो फ्रीमन. एडमंड फ्रीमन नावाचा गृहस्थ १६३५ साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला आणि १६३७ साली केप कॉडवरील सँडविच गाव वसवणाऱ्यांत होता. त्याचा वंश त्या किनाऱ्यावर फोफावला. मॅसॅच्युसेट्स सरकारने १८९६ ते १९०८ या काळात आपल्या क्रांतिकालीन सैनिकांची सतरा खंडांची वर्णानुक्रमी सूची छापली. तीत फ्रीमन शोधायला गेले, की गोरे आणि काळे एकाच रांगेत उभे दिसतात.

त्यांतल्या एका घराण्याला आडनावाचा अर्थ विसरून शतके लोटली होती. दुसऱ्यांनी ते अर्थासाठीच घेतले होते. तिसरीही शक्यता आहे. फ्रीमन नावाच्या मालकाचा गुलामही फ्रीमन म्हणून नोंदला जाऊ शकतो. आणि मुक्ततेच्या अर्थाने हे आडनाव घेणारे परस्परांचे नातलग असतीलच असेही नाही. मॅसॅच्युसेट्सच्या शेफील्ड गावातील बेट या गुलाम स्त्रीने १७८१ साली न्यायालयात स्वत:चे स्वातंत्र्य मिळवले आणि पुढे एलिझाबेथ फ्रीमन हे नाव धारण केले. हंफ्रीजच्या कंपनीतल्या पाच जणांप्रमाणे तिचे आडनावही तिच्यापासूनच सुरू होते. अशा आडनावाला मागे घराणे नसते. ते पुढे व्हायचे असते.

आपल्याकडच्या कुलवृत्तान्तांची घडण आठवून पाहा. आडनाव, गोत्र, मूळ गाव यांच्या आधारे विखुरलेल्या शाखा एका वृक्षावर आणायच्या. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात असे घराण्यांचे ग्रंथ मोठ्या हौसेने निघाले. ती रीत फ्रीमन आडनावाला लावली, तर एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली माणसे एका झाडावर चढतात आणि खरी भावंडे बाहेर राहतात. पॉल कफी या प्रसिद्ध कृष्णवर्णीय जहाजमालकाचेच पाहा. त्याचे वडील कोफी हे स्लोकम कुटुंबाचे गुलाम, म्हणून कोफी स्लोकम. मुलांनी मालकाचे आडनाव टाकले आणि वडिलांचे नाव आडनाव म्हणून घेतले. बाप स्लोकम, मुलगा कफी. आडनाव धरून शोधणारा इथे एका पिढीतच वाट चुकतो.

कागद कुठे गेले, कुठे उरले

८ नोव्हेंबर १८०० रोजी युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि क्रांतिकाळातील बहुतेक दप्तर जळाले. त्याआधीचे पेन्शनचे अर्जही गेले. १८१४च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहर जाळले, तेव्हा उरल्यासुरल्यातील आणखी काही नष्ट झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने इतर खात्यांकडून आणि राज्यांकडून जुने पट गोळा केले. पटावर जिथे जिथे नाव दिसले, तिथे तिथे एक कार्ड लिहिले आणि एका शिपायाची कार्डे एका पाकिटात घातली. ही पाकिटे आज १,०९६ मायक्रोफिल्म रिळांवर आहेत.

पाकीट म्हणजे माणूस नव्हे, हे इथे विसरून चालत नाही. एक शिपाई दोन रेजिमेंटांत राहिला असेल, तर त्याची दोन पाकिटे असतात. उलट एकाच रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे दोघे असतील, तर त्यांची कार्डे एका पाकिटात पडू शकतात. कार्ड लिहिणारा कारकून युद्धानंतर शंभर वर्षांनी बसला होता; त्याच्यापुढे फक्त अक्षरे होती.

माणूस भेटतो तो पेन्शनच्या फाइलीत. सुमारे ८०,००० फाइली, २,६७० रिळे. फाइलीवरच्या अक्षरांचे संकेत आधी समजून घ्यावेत. ‘एस’ म्हणजे स्वत: शिपायाचा अर्ज, ‘डब्ल्यू’ म्हणजे विधवेचा, ‘आर’ म्हणजे नामंजूर. नवखे लोक नामंजूर फाइली सोडून देतात. वास्तविक पुरावा कमी पडला म्हणून अर्जदाराने तिथे पुन्हा पुन्हा सांगितलेले असते, साक्षीदार आणलेले असतात. त्यामुळे माहिती तिथे पुष्कळदा अधिक सापडते.

कायदे बदलत गेले, तसे कागदही बदलले. १८१८च्या कायद्याने किमान नऊ महिने राष्ट्रीय सैन्यात काढलेल्या गरजू शिपायाला महिना ८ डॉलर मिळू लागले. अर्जांचा पूर आला, तेव्हा १८२०मध्ये सरकारने प्रत्येकाकडून मालमत्तेची यादी मागितली. गाय, कढई, खुर्च्या, देणे किती, घरात कोण कोण आणि त्यांची वये काय, असे सगळे त्या यादीत येते. गरिबी सिद्ध करायला लिहिलेली ती यादी दोनशे वर्षांनी वंशावळीचा आधार होते. १८३२च्या कायद्याने गरिबीची अट काढली आणि मिलिशियातल्या शिपायांनाही आत घेतले. त्यामुळे म्हाताऱ्या शिपायांच्या तोंडून कुठे जन्मलो, कुठे लढलो, युद्धानंतर कुठे कुठे राहिलो हे सविस्तर नोंदले गेले. १८३६पासून अधिक विधवांना हक्क मिळाला. त्यांना लग्नाचा पुरावा द्यावा लागे. कुणी घरच्या बायबलमधले जन्म-लग्नांच्या नोंदींचे पान फाडून अर्जाला जोडले, आणि ती पाने आजही फाइलीत आहेत.

आडनाव ठेवा बाजूला

मग पाच फ्रीमन वेगळे कसे करायचे? माझी रीत सांगतो. आडनाव क्षणभर झाकावे आणि उरलेले वाचावे. कोणती कंपनी, कोणत्या गावातून भरती, कुणाच्या बदल्यात. १७९०च्या पहिल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते, बाकीच्यांची निव्वळ संख्या. तिथे ‘इतर मुक्त व्यक्ती’ असा रकाना आहे. गावाच्या यादीत त्या रकान्यात आकडा असलेली घरे पाहावीत. यादी घरोघर फिरून केली असेल, तर शेजारीही सापडतो. पेन्शनच्या अर्जावर साक्ष देणारा कोण, ते पाहावे. तो त्याच कंपनीतला असेल, बायकोचा भाऊ असेल, किंवा जुन्या मालकाचा मुलगा असेल. सर्व मुक्त माणसांची नावे जनगणनेत येतात ती थेट १८५०पासून. तोवरची साठ वर्षे साक्षीदार, शेजारी आणि गावच्या दप्तरातील नोंदी यांच्या पुलावरून ओलांडावी लागतात.

हे मराठी माणसाला अवघड वाटू नये. सुभेदार रामजी सकपाळ यांचा मुलगा जगाला आंबेडकर म्हणून माहीत आहे. शंभर वर्षांनी कुणी फक्त आडनावे जुळवत बसला, तर बापाची लष्करी नोंद आणि मुलाचे नाव यांची गाठ त्याला पडणार नाही.

१९०८ : पुरावा कोणाकडे मागायचा?

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारले, तर मी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची गोष्ट सांगतो. मॅसॅच्युसेट्सच्या ग्रेट बॅरिंग्टन गावी १८६८ साली जन्मलेले हे थोर कृष्णवर्णीय विद्वान. त्यांचे खापरपणजोबा टॉम आफ्रिकेतून पकडून आणलेले आणि बरगार्ट नावाच्या डच कुटुंबाचे गुलाम होते, म्हणून टॉम बरगार्ट. स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन जॉन स्पूर यांच्या कंपनीच्या पटावर टॉमचे नाव आहे. त्या आधारावर १९०८ साली ड्यू बॉइस ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या क्रांतिसैनिकांच्या वंशजांच्या संस्थेत गेले. राज्य शाखेने त्यांना प्रवेश दिला. वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीने मात्र पूर्वजाच्या विवाहाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला मागितला. पळवून आणलेल्या गुलामाचा असा दाखला कोण देणार? सदस्यत्व स्थगित झाले.

केवळ आडनावावर नाते मानू नये, असे मी वर सांगितले. मग त्या कचेरीचे चुकले काय? पुरावा मागण्यात चूक नव्हती. जो कागद त्या समाजाने त्या माणसाला कधी मिळूच दिला नाही, तोच एकमेव पुरावा मानण्यात चूक होती. केप कॉडच्या फ्रीमनला गावच्या दप्तरात जन्म-विवाह सापडतात. कफ फ्रीमनला साक्षीदार, शेजारी, मालमत्तेची यादी. दोघांनाही कसोटी लावावी, पण ज्याचे जे कागद उरले त्यांच्यावर. पुढे १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, अस्पृश्यांच्या आणि अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्य सांगितले, आणि संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाविषयी विचारणा केली. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. ज्यांना दप्तराने वगळले, त्यांना एकमेकांची ओळख पटायला वेळ लागला नाही.

ड्यू बॉइस यांचा अर्ज अडला, त्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, २००८ साली, क्रांतिसैनिकांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेने कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी सैनिकांची एक जाडजूड सूची काढली. तीत साडेसहा हजारांहून अधिक नावे आहेत. त्यांतला एखादा फ्रीमन कुणाचा तरी पणजोबा आहे. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट आडनावापासून सुरू होते, पण पुढे न्यायला त्याच्या कंपनीतला सोबती, त्याची विधवा आणि त्याचा शेजारीच लागतात.