होडीला रंग, हातांना जपणूक

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत मिळकत थांबते, पण मच्छीमाराच्या घरातले काम थांबत नाही. जाळी शिवायची असतात, इंजिन उघडून पुन्हा जोडायचे असते, आणि जुलै सरता सरता उघडीप मिळाली की होडी रंगवायची असते. मिरकरवाडा, राजिवडा, जयगड, हर्णै, जिथे जावे तिथे ताडपत्रीच्या आडोशाला ओढून ठेवलेल्या होड्या आणि त्यांच्याभोवती डबे, ब्रश, रोलर घेऊन बसलेली माणसे दिसतात.

पाहुण्याला वाटते, ईदच्या आधी आपण घराला रंग काढतो तसेच हे असावे. तसे ते नाही. घराचा रंग उडाला तर भिंत वाईट दिसते, एवढेच. होडीचा रंग उडाला तर वर्षाची रोजी अडते. आम्ही किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातली बरीच मुले होडीच्या घरातली आहेत आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती बाकावर कमी, होडीखाली जास्त असतात. म्हणून हे काम नीट कसे करावे आणि ते करताना घरातल्या माणसांना कसे सांभाळावे, या दोन्ही गोष्टींबद्दल लिहावेसे वाटले.

रंग कशासाठी?

समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो खरे तर शिंपल्याच्या कुळातला आहे. लहान असताना बारीक छिद्र पाडून तो फळीत शिरतो आणि आतल्या आत वाढतो. वरून फळी धडधाकट दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. दुसरा त्रास बार्नेकलचा. हे कवचाचे जीव तळाला असे चिकटतात की पत्र्याच्या पट्टीनेही लवकर सुटत नाहीत. फायबरच्या होडीला पोखरणाऱ्या जीवाची भीती नाही, पण बार्नेकल आणि शेवाळ तिलाही सोडत नाहीत. तळ खरखरीत झाला की होडी पाण्यात ओढल्यासारखी चालते आणि तेवढेच अंतर कापायला जास्त इंधन जळते.

आपल्या वाडवडिलांकडे यावर उपाय होते. माशाचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल, तेलात मळलेला चुना यांचे हात तळाला दिले जात. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठोकून भरली जाई. कोकणी मुसलमानांचे आणि जहाजाचे नाते जुने आहे. सारंग, तांडेल, नाखवा ही आज आपल्यातली आडनावे आहेत, पण मुळात ते जहाजावरचे हुद्दे. नाखवा हा फारसीतला नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान. दिशा दाखवणारा तो मालम, आणि हा शब्द अरबीतल्या मुअल्लिमवरून आला, म्हणजे शिक्षक. आम्हा शिक्षकांना याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे! इंग्रजांच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने असत. गंज ठोकून काढणे आणि त्या जागी रंग लावणे हे त्यांचे रोजचेच काम होते. तेव्हा हातात ब्रश धरणे ही आपल्या वस्त्यांना काही नवी गोष्ट नाही. बदलला आहे तो डब्यातला रंग.

मेहनत रंगाच्या आधीची

चार दिवसांचे काम असेल तर त्यातले तीन दिवस तयारीचे, असे जाणते नाखवे सांगतात. ते खरेच आहे. रंग सोलून निघतो त्यात डब्याचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा तो रंग ओल्या, तेलकट किंवा मिठाच्या पृष्ठभागावर लावलेला असतो.

पहिले काम धुण्याचे, आणि तेही गोड्या पाण्याने. मीठ हवेतली ओल ओढून घेते. ते रंगाखाली राहिले की काही महिन्यांत फोड येतात. धुतल्यावर डिझेलचे, ग्रीसचे डाग थिनरच्या फडक्याने पुसावेत. फायबरची नवी होडी असेल तर साच्यातून काढताना लागलेले मेण तिच्या अंगावर असते. ते आधी पुसून काढावे आणि मगच पॉलिश पेपर मारावा. उलट केले तर मेण घासून आणखी आत बसते.

मग सुटलेला रंग खरवडावा. जो घट्ट आहे तो सगळा काढायची गरज नसते, त्याची चकाकी मोडली तरी पुरे. आधी ८० किंवा १२० नंबरचा कागद आणि वरच्या शेवटच्या रंगाआधी २२० च्या पुढचा. खड्ड्यांत लांबी भरून, वाळवून, घासून घ्यावी. त्यावर प्रायमर. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर असेल तर डब्यावर लिहिलेले प्रमाण मोजूनच मिसळावे. नुसत्या नजरेने ओतलेला हार्डनर कमी पडला की थर चिकट राहतो आणि सगळे पुन्हा खरवडावे लागते. उकाड्यात मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी थोडेच करावे.

कोकणातल्या जुलैत सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे हवा. पाऊस नाही म्हणजे हवा कोरडी आहे असे होत नाही. सकाळी होडीच्या अंगावर दमटपणा असतो, तो हाताला लागतो. तो पूर्ण जाईपर्यंत डबा उघडू नये आणि संध्याकाळी दव धरायच्या बऱ्याच आधी ब्रश खाली ठेवावा. ऊन पडलेच तर सावलीच्या बाजूने काम करावे. तापलेल्या अंगावर रंग पसरायच्या आत सुकतो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला होडी वर घेतली जाते आणि उधाणालाच खाली सोडली जाते. म्हणून चाँद मोजून कामाचे दिवस आधीच ठरवलेले बरे.

एकाच्या हाती रोलर, दुसऱ्याच्या हाती ब्रश

पाणरेषेच्या वरचा रंग आणि खालचा रंग वेगवेगळा असतो. वरच्या रंगाला गुळगुळीतपणा लागतो. तो मशीनशिवायही येतो, पण त्याला दोन माणसे लागतात. पहिला माणूस लहान रोलरने साधारण दोन फूट रुंदीच्या पट्ट्यात रंग पातळ आणि सारखा पसरतो. रोलरने रंग सारखा बसतो, पण त्यात बारीक बुडबुडे राहतात. दुसरा माणूस लगेच मागून मऊ, रुंद ब्रश फिरवतो. ब्रशवर रंग घ्यायचा नाही, दाबायचे नाही. केसांची फक्त टोके रंगाला लागतील इतक्या हलक्या हाताने एकाच दिशेने ओढायचे. ओढ कोरड्या बाजूकडून सुरू करून आधीच्या ओल्या पट्ट्यात संपवायची, म्हणजे सांधा दिसत नाही. तेवढ्यात पहिला पुढच्या पट्ट्याला लागतो. मध्ये चहाला उठायचे नाही. पट्टा सुकला की जोड कायमची दिसते.

या कामात बाप-मुलगा किंवा भाऊ-भाऊ यांची जोडी चांगली जमते. एकाने घाई केली की दुसऱ्याचे काम बिघडते, आणि अशा वेळी बोलणी कोणाला खावी लागतात हे घरोघरी माहीत आहे! जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात चांगले. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि खाली ओघळतो.

फवारणीच्या मशीनने काम लवकर होते हे खरे. पण किनाऱ्यावर वारा असतो, होडीला होडी लागून असते, आणि उडालेला रंग शेजाऱ्याच्या जाळ्यावर व आपल्या छातीत जातो. रोलर-ब्रशने रंग वाया कमी जातो आणि हवेत तुषार फार कमी उडतात.

तळाचा रंग

पाणरेषेखालच्या रंगात बहुधा तांब्याचे संयुग असते. ते पाण्यात हळूहळू सुटते आणि जीव चिकटू देत नाही. तांबे जड असल्यामुळे डब्याच्या तळाशी बसते. काठीने तळापासून नीट ढवळले नाही तर वरचा पातळ रंग होडीला जातो आणि खरे औषध डब्यातच राहते. हा रंग दाटच लावायचा असतो. पुरवठा व्हावा म्हणून थिनर घालून वाढवू नये. गुळगुळीत करायचीही गरज नाही. नाळ, सुकाणू आणि पाणरेषा इथे पाण्याचा मारा जास्त, म्हणून तिथे एक हात जादा द्यावा. होडीला बसवलेले जस्ताचे तुकडे मात्र रंगवू नयेत. ते धातूला गंजापासून वाचवण्यासाठी स्वतः झिजतात, आणि रंगाखाली ते निकामी होतात. आउटबोर्ड मशीनच्या अॅल्युमिनियमच्या भागालाही तांब्याचा रंग लावू नये, धातू खाल्ला जातो.

रंग किती घ्यावा, याचे गणित आठवीतल्या मुलालाही जमते. पाण्यातली लांबी ७ मीटर, रुंदी २ मीटर आणि पाण्यात बुडणारी खोली अर्धा मीटर समजा. रुंदी आणि खोलीची बेरीज अडीच. तिला सातने गुणले की साडेसतरा चौरस मीटर. एका लिटरमध्ये अंदाजे १० चौरस मीटर होते असे डब्यावर असेल, तर एका हाताला पावणेदोन लिटर, दोन हातांना साडेतीन आणि जादा जागा धरून चार लिटर. असा हिशेब दुकानात जाण्याआधी घरी केला तर पैसे वाचतात, आणि पुस्तकातले क्षेत्रफळ घरच्या उपयोगाला येते हे मुलाला कळते.

हात, छाती आणि खाडी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येऊ. होडीला एवढे जपणारा माणूस स्वतःला जपत नाही.

जुना रंग कोरडा घासला की जी धूळ उडते तिच्यात तांबे असते, आणि जुन्या थरांत शिसेही असू शकते. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमच्या वर असू नये असे ठरवले. होडीचे रंग त्या नियमांत येत नाहीत. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगातल्या हार्डनरने दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल यातले काहीही अडवत नाही. घासताना पाणी लावून घासावे आणि धुळीचा चांगला मास्क घालावा. वाफ येणाऱ्या रंगाला काडतूस असलेला मास्क लागतो. रंगाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि ते घालून तान्ह्या मुलाला उचलू नये.

नमाजी माणसाची एक खास अडचण असते. हातावर, नखांवर रंगाचा थर राहिला तर वुजूचे पाणी खाली पोचत नाही. म्हणून असरच्या आधी बरेच जण थिनरने, पेट्रोलने हात चोळतात. त्याने कातडी फुटते आणि विषारी द्रव्य अंगात जाते. सोपा उपाय आधी करायचा आहे. हातांना आणि नखांच्या कडांना खोबरेल चोळावे, वर रबरी हातमोजे घालावेत. तेलाचा हात होडीला लागू देऊ नये, नाहीतर तिथे रंग धरणार नाही. तरीही शिंतोडे आलेच तर तेल चोळून, मग साबणाने धुवावे. एवढे केले तर बहुतेक वेळा थिनरची गरजच पडत नाही.

खरवडलेला रंग कुठे जातो, हेही पाहावे. तो चिखलात पडतो, भरतीबरोबर खाडीत जातो. त्याच खाडीत आपल्या बायाबापड्या तिसऱ्या, मुळे आणि कालवे काढतात. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत १९७० च्या दशकात कालवांची पैदास कोसळली. कारण निघाले होड्यांच्या तळाला लावलेला कथिलाचे संयुग असलेला रंग. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. २००१ मध्ये त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ पासून लागू झाला. आजचे तांब्याचे रंग तितके घातक नाहीत, पण निर्धोकही नाहीत. होडीखाली जुनी ताडपत्री पसरावी, पडलेले सगळे गोळा करून गोणीत भरावे आणि किनाऱ्यापासून दूर न्यावे. डबे व ब्रश खाडीत धुऊ नयेत. रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात, ती पसरून वाळवावीत. थिनरचा डबा उघडा असताना जवळ बिडी ओढू नये, हे वेगळे सांगायला नको.

आणि मुले? खरवडणे, घासणे, हार्डनर मिसळणे ही कामे त्यांना देऊ नयेत, ती मोठ्यांचीच. मुलांनी रंगाचा हिशेब करावा. कोणत्या तारखेला कोणता रंग, किती हात, हे वहीत लिहावे. पुढच्या वर्षी ती वही फार उपयोगी पडते. रंग पूर्ण सुकल्यावर नोंदणी क्रमांक लिहिण्यासाठी जाड कागदाचे साचे कापावेत. तो क्रमांक समुद्रात लांबून वाचता आला पाहिजे. नाळेवरचे नाव उर्दूत असो की देवनागरीत, ते ज्याचे अक्षर वळणदार आहे त्याने कागदावर आखून द्यावे. एवढे काम शाळा सुटल्यावरच्या वेळात होते, शाळा बुडवावी लागत नाही.

यंदा रंगाचे सामान आणायला जाल तेव्हा यादीत दोन मास्क आणि हातमोज्यांचे दोन जोड आठवणीने लिहा. होडी पुढच्या वर्षी पुन्हा रंगवता येईल, छाती पुन्हा मिळत नाही. नव्या हंगामात अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि दर्यावर गेलेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी आणो.